जिनिव्हात कोल्हापूरचा कागद: मानवी हक्क देखरेख यंत्रणा प्रत्यक्ष कशी वापरावी

संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार गेली की दिल्लीवर कारवाई होते, असा समज अनेक कार्यकर्त्यांचा असतो. तसे होत नाही. जिनिव्हातल्या कुठल्याही समितीकडे पोलीस नाहीत, दंड करण्याचा अधिकार नाही. तिथे सरकारला लेखी प्रश्न विचारला जातो, लेखी उत्तर मागितले जाते आणि दोन्ही कागद बहुतेक वेळा जगासमोर खुले होतात. जिल्हाधिकारी कार्यालयात वर्षानुवर्षे ज्या अर्जाला उत्तर मिळत नाही, त्याच विषयावर परराष्ट्र मंत्रालयाला उत्तर तयार करावे लागते. उत्तर तयार करायचे तर दिल्लीला मुंबईतल्या राज्याच्या मंत्रालयाकडे माहिती मागावी लागते आणि ते ती जिल्ह्याकडे मागते. या यंत्रणेचा खरा उपयोग इथे आहे. मात्र मिळालेले उत्तर पुन्हा इथल्या कचेरीत आणि कोर्टात वापरणारे कोणी नसेल, तर सगळी मेहनत वेबसाइटवर पडून राहते.

आधी पाहा: भारताने काय मान्य केले आहे

मानवी हक्कांचे करार अनेक आहेत आणि प्रत्येकाची समिती वेगळी आहे. भारताने वंशभेदविरोधी करार १९६८ साली, नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा असे दोन मोठे करार १० एप्रिल १९७९ रोजी, बालहक्क करार डिसेंबर १९९२ मध्ये, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार (सीडॉ) जुलै १९९३ मध्ये आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारला. छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही झाली, पण अनुसमर्थन, म्हणजे कराराने देशाला बांधून घेणारी अंतिम मान्यता, अजून झालेले नाही. सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या करारावर २००७ मध्ये सही झाली, तोही तिथेच अडला आहे.

यामुळे दोन दारे बंद होतात, आणि बहुतेकांची पहिली ठेच इथेच लागते. एक म्हणजे भारताने यांपैकी कुठल्याही समितीचा वैयक्तिक तक्रारीचा अधिकार मान्य केलेला नाही. नेपाळचा नागरिक मानवी हक्क समितीकडे (नागरी व राजकीय हक्कांच्या कराराची समिती) स्वतःची केस नेऊ शकतो, कोल्हापूरचा नाही. ‘यूएनमध्ये केस घालून देतो’ म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा पैसे काढणारा. गावोगावी ‘आंतरराष्ट्रीय मानवाधिकार’ छापलेली ओळखपत्रे विकणाऱ्यांचेही तसेच. संयुक्त राष्ट्रे अशी कार्डे देत नाहीत आणि तक्रारीसाठी एक पैसाही घेत नाहीत. दुसरे म्हणजे कोठडीतल्या मारहाणीचा विषय छळविरोधी समितीपुढे नेता येत नाही. तो नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ७ खाली किंवा छळविषयक विशेष प्रतिवेदकाकडे, म्हणजे मानवी हक्क परिषदेने त्या विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे, न्यावा लागतो.

उघडी दारे तीन आहेत: विशेष प्रतिवेदक, करार-समित्यांचे आढावे आणि मानवी हक्क परिषदेचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा, म्हणजे यूपीआर, ज्यात इतर देश आढावा असलेल्या देशाला शिफारशी करतात. सातत्याने होणाऱ्या गंभीर उल्लंघनांसाठी परिषदेची एक गोपनीय तक्रार-प्रक्रियाही आहे, पण ती संथ आहे आणि तिचे कामकाज जाहीर होत नाही. सरकारचे उत्तर लोकांपुढे यावे हा हेतू असेल, तर तिच्यावर वेळ घालवू नये.

कागद गोळा करणे

उदाहरणासाठी पंचगंगा घेऊ. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना दूषित पाण्याचा प्रश्न नवा नाही. अशा विषयावर लोक मेलेल्या माशांचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणे जोडून पाठवतात, आणि ते वाया जाते. केवळ बातम्यांवर आधारलेली तक्रार विशेष प्रतिवेदक स्वीकारत नाहीत, हा त्यांचा लेखी नियम आहे.

पाण्याच्या हक्काचे माप आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीच्या २००२ सालच्या सामान्य टिप्पणी (कराराचा अर्थ उलगडणारा कागद) क्रमांक १५ मध्ये दिले आहे. पाणी पुरेसे आहे का, सुरक्षित आहे का, सर्वांच्या पोचेत आहे का, परवडते का आणि भेदभावाविना मिळते का, हे पाहायचे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. म्हणून पुराव्याची फाईल चार प्रश्नांभोवती बांधावी. कोणाला झळ बसली? सरकारला ते कधीपासून माहीत होते? माहीत असूनही काय केले किंवा केले नाही? दाद मागितल्यावर काय झाले? सांडपाणी कारखान्याचे असले तरी सरकार सुटत नाही. इतरांकडून होणाऱ्या उल्लंघनापासून लोकांना वाचवणे हीसुद्धा राज्याची जबाबदारी असते.

पहिल्या प्रश्नासाठी कुटुंबनिहाय नोंदी हव्यात: पिण्याचे पाणी कुठून येते, टँकर किंवा जारवर महिन्याला किती खर्च होतो, घरात कोण कधी आजारी पडले, उपचाराची चिठ्ठी आहे का. वस्तीनिहाय आकडे वेगळे काढावेत. दलित वस्ती, ऊसतोड मजुरांची पाले आणि वीटभट्टीवरच्या झोपड्या यांना गावठाणापेक्षा वेगळे पाणी मिळते का, हे आकड्यांत दिसले तर भेदभावाचा मुद्दा उभा राहतो. समित्या त्याकडे सर्वांत आधी पाहतात.

पाण्याचा नमुना घेण्याची रीत चुकली तर अहवाल निरुपयोगी ठरतो. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत द्यावी. बीओडीच्या (जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी. ठिकाण, वेळ, अक्षांश-रेखांश आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला साधा पंचनामा सोबत हवा. तुलनेसाठी मापे अशी: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू मुळीच सापडता कामा नये. नदीत अंघोळीसाठी योग्य पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम लागतो. एकाच दिवसाचा नमुना काही सिद्ध करत नाही. पावसाळ्यात, गळीत हंगामात आणि उन्हाळ्यात एकाच जागेवरून नमुने घ्यावेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरकारच्याच कपाटात असते. ते माहिती अधिकारातून काढायचे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने बजावलेल्या नोटिसा, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता व रोजची प्रत्यक्ष प्रक्रिया आणि ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणीची नोंदवही यांसाठी तीन वेगळे अर्ज करावेत. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. उत्तराची मुदत ३० दिवस, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. दुसरे अपील फार रेंगाळते, म्हणून जिनिव्हाच्या तारखा धरून अर्ज किमान वर्षभर आधी टाकावेत. उत्तर आलेच नाही, तर आवक क्रमांक असलेली पोच हाच पुरावा होतो. हाताने दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

कोठडीतल्या मृत्यूचे गणित वेगळे आहे, तिथे तास मोजले जातात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या १९९३ च्या निर्देशानुसार अशा मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला गेली पाहिजे. शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाचीही सूचना आयोगाने दिलेली आहे. नातेवाइकांनी सीपीआरमध्येच (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) लेखी अर्ज देऊन चित्रीकरणाची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची मागणी करावी. वैद्यकीय नोंदी कशा घ्याव्यात यासाठी छळाच्या प्रकरणांत इस्तंबूल प्रोटोकॉल आणि संशयास्पद मृत्यूत मिनेसोटा प्रोटोकॉल हे मान्य नमुने आहेत. जखमेच्या फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. मूळ फाईल फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून वेळेची नोंद निघून जाते.

प्रत्येक जबाबासोबत लेखी संमती घ्यावी, आणि संमतीचे तीन भाग वेगळे विचारावेत: माहिती संयुक्त राष्ट्रांना द्यायची का, नाव सरकारला कळवायचे का, नाव जाहीर करायचे का. एकाच सहीत तिन्ही गुंडाळणारी संस्था पुढे त्या माणसाला अडचणीत आणते.

घरची पायरी

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, राष्ट्रीय आयोग दिल्लीत. दोन्हीकडे शुल्क नाही, मराठीत तक्रार चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत ती गेली पाहिजे, हे १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. याच कलमानुसार राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही. म्हणून ‘दोन्हीकडे टाकून ठेवू’ ही युक्ती अंगलट येते. प्रकरण कोर्टात असले तर आयोग बहुधा तक्रार दप्तरी दाखल करतो. त्यामुळे क्रम ठरवूनच हालचाल करावी.

आयोगाच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. राष्ट्रीय आयोगाच्या नेमणुकांबद्दल आणि चौकशीत पोलीस अधिकारी वापरण्याबद्दल आक्षेप आहेत, आणि राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक महासंघाने आयोगाच्या ‘अ’ म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या नूतनीकरणाचा निर्णय २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे पुढे ढकलला होता. तरीही तक्रार करावी. आयोगाने मागवलेला पोलिसांचा अहवाल तुमच्या फाईलमध्ये येतो, आणि सरकार पुढे ‘या लोकांनी देशात दादच मागितली नाही’ असे म्हणू शकत नाही.

विशेष प्रतिवेदक: सर्वांत जवळचे दार

विशेष प्रतिवेदक हे मानवी हक्क परिषदेने नेमलेले, बिनपगारी, स्वतंत्र तज्ज्ञ. पाणी व स्वच्छता, घर, छळ, बेकायदा हत्या, मानवी हक्क कार्यकर्ते, अल्पसंख्याक असे चाळीसहून अधिक विषय त्यांच्यात वाटलेले आहेत. त्यांच्याकडे जायला करार लागत नाही, देशातले सगळे उपाय संपवण्याची अट नाही आणि कोर्टात केस चालू असली तरी चालते. कोल्हापुरातल्या छोट्या संघटनेसाठी यापेक्षा सोपा मार्ग नाही.

अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या ऑनलाइन फॉर्मवर भरतात. घटना, तारीख, ठिकाण, पीडित व्यक्ती, संशयित, केलेले उपाय आणि संमती असे रकाने असतात. निनावी तक्रार चालत नाही, पण पाठवणाऱ्याचे नाव सरकारला कळवले जात नाही. पीडिताचे नाव मात्र पत्रात जाते, कारण त्याशिवाय सरकार चौकशी करू शकत नाही. वर सांगितलेली वेगळी संमती इथे लागते.

भाषा कोरडी ठेवावी. ‘राजकीय सूडबुद्धीने’, ‘हुकूमशाही’ असे शब्द दिसले की राजकीय हेतूची तक्रार म्हणून ती बाजूला पडण्याची शक्यता वाढते. पहिल्या अर्ध्या पानात कोण, काय, कधी, कुठे आणि काय हवे हे आले पाहिजे. जीव धोक्यात असेल किंवा पाडकाम तोंडावर असेल तर तातडीचे आवाहन जाते, ते काही दिवसांत निघू शकते. घडून गेलेल्या गोष्टीसाठी आरोप-पत्र, म्हणजे सरकारकडे खुलासा मागणारे पत्र (पोलिसांचे आरोपपत्र नव्हे), जाते. त्यात सरकारला साधारण ६० दिवस दिले जातात, नंतर पत्र आणि आलेले उत्तर दोन्ही जाहीर डेटाबेसमध्ये येतात. उत्तर आले नाही तर ‘उत्तर नाही’ हेही तिथे दिसते. पत्र पाठवायचे की नाही हे प्रतिवेदकच ठरवतात आणि नकार कळवण्याची पद्धत नाही. म्हणून नवी घडामोड झाली की तीच माहिती सुधारून पुन्हा पाठवावी.

प्रतिवेदकांचे दौरेही होतात. भारताने २०११ मध्ये सर्वांना खुले आमंत्रण जाहीर केले, तरी प्रत्येक दौऱ्याला वेगळी संमती लागतेच. पाणी व स्वच्छतेचे प्रतिवेदक लिओ हेलर २०१७ च्या अखेरीस आले होते. स्वच्छ भारतच्या चिन्हातल्या गांधीजींच्या चष्म्याला आता मानवी हक्कांची भिंग लावावी, असे ते म्हणाले आणि सरकार जाम चिडले. चिडणे हाही प्रतिसादच, पण त्या गदारोळात मैला सफाई आणि पाण्याच्या दर्जाबद्दलची त्यांची निरीक्षणे मागे पडली. दौऱ्यावर आलेल्या तज्ज्ञाला भेटायचे असेल तर निवेदन दोन पानांचे आणि एकाच मागणीचे असावे.

यूपीआर: मिनिटभराचा खेळ

परिषदेत ४७ सदस्य देश असतात, पण यूपीआरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाची पाळी येते. भारताचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. फेरी साधारण साडेचार-पाच वर्षांची असल्याने पुढची पाळी २०२७ च्या आसपास धरून तयारी करावी, आणि संघटनांची मुदत त्याच्या बरेच महिने आधी संपते हे लक्षात ठेवावे. नेमकी तारीख उच्चायुक्त कार्यालयाच्या वेळापत्रकातूनच घ्यावी.

आढावा तीन कागदांवर होतो: सरकारचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडच्या माहितीचे संकलन आणि संघटनांच्या निवेदनांचा सारांश. एकट्या संघटनेला २,८१५ शब्द, एकत्रित निवेदनाला ५,६३० शब्द मिळतात. मराठी चालत नाही, इंग्रजीत द्यावे. देशभरातल्या सगळ्या संघटनांचा सारांश मिळून सुमारे दहा पानांचा होतो, म्हणजे तुमच्या वाट्याला फार तर एक-दोन ओळी. म्हणून प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या आणि परिच्छेदाचे पहिले वाक्य असे लिहा की ते उचलून सारांशात ठेवता येईल. एकट्या जिल्ह्याचे निवेदन देण्यापेक्षा सांगली, सातारा, सोलापूरसह नदीखोऱ्याचे एकत्रित निवेदन जास्त टिकते.

आता प्रत्यक्ष बैठक. एकूण साडेतीन तास, त्यातली ७० मिनिटे भारताची, १४० मिनिटे इतरांची. २०२२ मध्ये १३० देश बोलले, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात पंचगंगेचे नाव येणार नाही. ‘नद्यांमध्ये प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे थांबवण्यासाठी कालबद्ध आराखडा करावा आणि तपासणीचे निकाल स्थानिक भाषेत जाहीर करावेत’ एवढे वाक्य मात्र येऊ शकते. ते वाक्य तुम्हीच तयार करून दिल्लीतल्या वकिलातींकडे पाठवायचे. बैठकीच्या सुमारे महिनाभर आधी यूपीआर इन्फो ही संस्था जिनिव्हात पूर्व-सत्रे घेते. पण प्रत्येक संघटनेने तिकडे धावण्याची गरज नाही. भारतातल्या संघटनांचा समन्वय करणारा वर्किंग ग्रुप ऑन ह्यूमन राइट्स इन इंडिया अँड द यूएन हा गट २००९ पासून आहे, त्याच्याशी आधीच संपर्क ठेवावा.

२०२२ मध्ये भारताला ३३९ शिफारशी झाल्या, सरकारने २२१ स्वीकारल्या. उरलेल्यांची फक्त ‘नोंद घेतली’, म्हणजे सभ्य नकार. मोघम शिफारस स्वीकारणे सरकारला सोपे आणि तपासणे आपल्याला अवघड. ‘स्त्रियांचे सक्षमीकरण चालू ठेवावे’ ही स्वीकारली गेली काय आणि नाही काय. मोजता येईल अशा शिफारशीसाठीच जोर लावावा.

गैरहजेरीला शिक्षा नाही. इस्रायल जानेवारी २०१३ मध्ये आला नाही, ऑक्टोबरमध्ये आला. २०२५ मध्ये अमेरिकेने पाठ फिरवली. मोठे देश असे वागू लागले तर या व्यवस्थेचा कणाच मोडेल, ही भीती खरी आहे.

करार-समित्या

समितीपुढे अहवाल सरकार देते, समिती प्रश्नांची यादी काढते, मग सरकारशी प्रत्यक्ष संवाद आणि शेवटी समारोप-निरीक्षणे, म्हणजे समितीचे निष्कर्ष व शिफारशी. संघटनांनी दोनदा लिहायचे असते: प्रश्नांची यादी ठरण्याआधी आणि संवादाच्या काही आठवडे आधी. पहिली संधी बहुतेकांची हुकते, आणि यादीत नसलेला प्रश्न नंतर घुसवणे फार कठीण जाते.

मुख्य दुखणे उशिराचे आहे. मानवी हक्क समितीपुढे भारत १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये उभा राहिला. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या समितीचा शेवटचा आढावा २००८ चा, सीडॉचा आणि बालहक्कांचा २०१४ चा, अपंग हक्कांचा २०१९ चा. त्यात संयुक्त राष्ट्रांची पैशांची टंचाई आल्याने समित्यांची सत्रेही कमी होत आहेत. म्हणून पाण्याचा विषय आर्थिक-सामाजिक समितीच्या भरवशावर ठेवू नये. बालहक्क समितीने २०२३ मध्ये पर्यावरणावर सामान्य टिप्पणी क्रमांक २६ काढली आहे, मुलांच्या आजारांची आकडेवारी असेल तर तो रस्ताही तयार ठेवावा.

जुनी निरीक्षणेही टाकाऊ नसतात. वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा रद्द करून विमुक्त जमातींचे पुनर्वसन करावे, असे भारताला सांगितले. एखाद्या पारधी वस्तीवर केवळ जातीवरून छापे पडत असतील, तर निवेदनात तो परिच्छेद उद्धृत करून विचारता येते की इतक्या वर्षांत काय केले.

उत्तर आल्यावर

जिनिव्हात भारताची बाजू मांडायला सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी जातात. २०१७ मध्ये महान्यायवादी मुकुल रोहतगी, २०२२ मध्ये सॉलिसिटर जनरल तुषार मेहता. त्यांचे बोलणे संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर राहते. तिथे ‘आमच्याकडे अशी यंत्रणा आहे’ असे सांगितले गेले असेल, तर ती कोल्हापूर जिल्ह्यात कुठे आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे, असा माहिती अधिकाराचा अर्ज लगेच करावा.

कोर्टातही याला जागा आहे. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, कायदा त्यानंतर २०१३ मध्ये आला. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालात कर्जापोटी तुरुंगवासाच्या प्रश्नावर नागरी हक्कांच्या कराराचे कलम ११ वापरले गेले. पण भरवसा किती ठेवावा तेही सांगायला हवे. छळविरोधी कराराच्या अनुसमर्थनाला बांधील आहोत असे सरकारने २०१७ मध्ये जिनिव्हात सांगितले, आणि तरी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा कायदा करण्याचा आदेश संसदेला द्यायला नकार दिला. म्हणून रिट अर्जात करार हा आधार म्हणून जोडावा. मुख्य मुद्दा राज्यघटनेच्या कलम २१ वर आणि देशी कायद्यावर उभा करावा, करार त्याचा अर्थ रुंदावण्यासाठी.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. जनहित याचिकेसाठी मुंबईच्या खेपा घालण्याचे कारण उरले नाही. प्रतिवेदकाचे पत्र, सरकारचे उत्तर आणि माहिती अधिकारातून आलेली विसंगत आकडेवारी असे तीन कागद सलग लावून वकिलांना द्यावेत.

माहिती दिल्यामुळे कुणाला धमकी, गुन्हा किंवा नोकरीवरून त्रास झाला, तर तो प्रकार तारखेसह उच्चायुक्त कार्यालयाला स्वतंत्रपणे कळवावा. सूडाच्या अशा घटनांवर महासचिव दरवर्षी देशांची नावे घेऊन अहवाल देतात. कळवण्याआधी त्या व्यक्तीची संमती नव्याने घ्यावी. पहिल्या वेळी दिलेली संमती इथे चालत नाही.